किती यायला पाहिजे?

मध्यंतरी बारावीच्या एका बॅचची जर्नल्स तपासत बसले होते. वीस जर्नल्स, प्रयोग एकच, ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन. पहिलं उघडलं, रीडिंग १०.२, १०.२, १०.२. दुसरं उघडलं, तेच. तिसरं, तेच. हाताला सवय असते सह्या करायची, त्यामुळे सहा जर्नल्स होऊन गेली आणि सातव्याला पेन थांबलं. वीस पोरं, प्रत्येकाची तीन रीडिंग म्हणजे साठ आकडे आणि साठच्या साठ सारखे! आमच्या ब्युरेटवर (खाली नळ असलेली मापाची काचेची नळी) सगळ्यात बारीक रेघ ०.१ एमएलची, नोझलमधून पडणारा एक थेंबच साधारण ०.०५ एमएलचा, एकाचा नळ गळका, एकाचा घट्ट, एकाला चष्मा लागलाय पण तो घालत नाही, आणि तरी सगळ्यांचं १०.२. इतकी एकी आमच्या स्टाफ मीटिंगमध्येसुद्धा नसते.

ज्यांचा केमिस्ट्रीशी संबंध दहावीनंतर तुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिपेटने १० एमएल ऑक्झॅलिक ॲसिड कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घालून साठ-सत्तर डिग्रीपर्यंत गरम करायचं आणि वरून ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट सोडत राहायचं. सुरुवातीला रंग पडतो आणि जातो, पडतो आणि जातो, मग एक थेंब असा येतो की फिका गुलाबी रंग पडतो आणि जात नाही. तिथे थांबायचं आणि ब्युरेट वाचायची. सगळा प्रयोग त्या एका थेंबासाठी असतो. हे तीनदा करायचं आणि जुळणारं जे रीडिंग येईल ते सीबीआर म्हणून लिहायचं, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. आता नावातच कॉन्स्टंट म्हटल्यावर पोरं ते कॉन्स्टंट करणारच, त्यांना तरी काय दोष देणार.

पोरं लॅबमध्ये शिरली की ॲप्रनची बटणं लावायच्या आधी एक प्रश्न येतो, "मॅडम, किती यायला पाहिजे?" किती येतंय बघा म्हटलं तर केविलवाणं तोंड करतात, म्हणजे आपण काहीतरी लपवतोय आणि शेजारच्या बॅचला ते आधीच कळलंय असं. आणि कळलेलं असतंच. एकदा तो आकडा हातात पडला की प्रयोग संपला, पुढे उरतं ते फक्त जर्नल भरणं.

खोटं कशाला बोलू, मीही हेच केलंय. माझ्या बारावीच्या वेळी आमच्यात याला 'टॅली करणं' म्हणायचे. आधी उत्तर, मग त्यावरून उलटं गणित करून रीडिंग, मग ती रीडिंग जरा खरी वाटावीत म्हणून एखादं ०.१ ने इकडेतिकडे. त्या मानाने आमची पिढी जास्त कष्टाळू होती, आताची पोरं तेवढाही त्रास घेत नाहीत! आणि नोकरीला लागल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी स्वतः पोरांना हळूच आकडा सांगितलाय, मार्क जाऊ नयेत म्हणून. तेव्हा ती मदत वाटायची.

पण एका गोष्टीचं मला राहून राहून नवल वाटतं. आमचं कॉलेज नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. निम्म्या पोरांच्या घरी द्राक्षबाग, नाहीतर दोन-चार गाई तरी असतातच. हीच पोरं सकाळी डेअरीवर दूध घालून कॉलेजला येतात. तिथे फॅट ३.५ आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.५ ला एक भाव, आणि त्याच्या खाली गेलं की भाव कापला जातो. तिथे स्लिपवर ३.५ च्या जागी ३.४ लागली तर पोरगा भांडतो, पुन्हा लावा म्हणतो, मशीन नीट धुतलं होतं का विचारतो, कालच्या आणि परवाच्या स्लिपा काढून दाखवतो. म्हणजे दशांशचिन्हानंतरच्या एका घराला काय किंमत असते ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आणि महिनाभर रोज अगदी ३.५ च लागत राहिली तर हे मशीन बिघडलंय नाहीतर कुणीतरी मनाने लिहितंय हेही तोच पहिल्यांदा ओळखेल. तोच पोरगा दोन तासांनी माझ्या लॅबमध्ये येऊन तीनदा १०.२ लिहितो.

म्हणून यंदा एका बॅचबरोबर जरा वेगळं केलं. जर्नल आणूच नका म्हटलं. फळ्यावर एक आडवी रेघ मारली, ९.५ पासून १२ पर्यंत खुणा केल्या आणि सांगितलं की प्रत्येकाने आपलं रीडिंग आलं की येऊन तिथे खडूने एक फुली मारायची, नाव लिहायचं नाही, मार्क नाहीत, मलाही माहीत नाही किती यायला पाहिजे. (शेवटचं खोटं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडची तीव्रता ०.०५ मोलर, परमँगनेटची ०.०२ मोलरच्या आसपास, म्हणजे दहाच्या जवळपास यायला हवं होतं. पण परमँगनेट बाटलीत उभं राहून थोडं बिघडतंच, त्यामुळे नेमकं खरंच माहीत नव्हतं.)

पहिली पंधरा मिनिटं कुणी फळ्याकडे फिरकलं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याची फुली कुठे पडते त्याची वाट बघत होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, १०.१ वर फुली मारली आणि झटकन वळून जागेवर गेली. मग हळूहळू बाकीचे. तास संपताना फळ्यावर जे काही दिसत होतं ते इतक्या वर्षांत मी माझ्या लॅबमध्ये पाहिलं नव्हतं. बऱ्याचशा फुल्या १०.१, १०.२ च्या आसपास दाटीने, मग थोडी मोकळी जागा, मग १०.४, १०.५ ला दुसरा एक लहान पुंजका, आणि लांब एकटीच एक फुली ११.८ वर.

मी विचारलं, आता सरासरी काढायची का? सगळे हो म्हणाले, वहीत बेरीज सुरूसुद्धा झाली. दहावीच्या बीजगणितात ही पोरं मध्य, मध्यक, बहुलक असा अख्खा धडा शिकून आलेली असतात, वर्गीकृत सारण्या बनवून बनवून, पण तो धडा गणिताच्या सरांचा, तो केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये चालतो हे कुणी सांगितलेलंच नसतं. एक मुलगा म्हणाला, मॅडम ११.८ सोडून देऊ, ते चुकलंय. का सोडायचं? तर म्हणे लांब आहे म्हणून. लांब आहे म्हणून सोडायचं असेल तर उद्या तुला जे आवडणार नाही ते सगळंच लांब आहे म्हणशील, म्हटलं. चुकलंय तर कसं चुकलंय ते शोध.

शेवटी ज्याची फुली होती त्याने हात वर केला. त्याची ब्युरेट अजून तशीच स्टँडला होती, सगळे जाऊन बघून आले. मेनिस्कस, म्हणजे नळीतल्या द्रवाची पातळी, दहाच्या खाली दोन रेघा. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढतात, आणि या पठ्ठ्याने मोजपट्टीसारखं खालच्या अकरापासून वर आठ रेघा मोजल्या आणि लिहिलं ११.८. म्हणजे टायट्रेशन उत्तम, थेंब बरोबर ओळखलेला, चुकलं होतं ते फक्त वाचणं. आपण ती फुली पुसून टाकली असती तर एक चांगलं रीडिंग हकनाक गेलं असतं, आणि तो पोरगा आयुष्यभर ब्युरेट उलटीच वाचत राहिला असता. १०.२ आधी माहीत असतं तर त्याने ते निमूटपणे लिहून टाकलं असतं आणि त्याला येत नाही हे त्यालाही कळलं नसतं आणि मलाही.

दुसरा पुंजका जास्त मजेशीर निघाला. त्या चारही फुल्या एकाच बेंचच्या होत्या. आधी वाटलं पिपेटच वेगळी असेल, ती बदलून पाहिली तरी तेच. मग त्यांना म्हटलं पहिल्यापासून करून दाखवा, काही बोलू नका. ब्युरेट परमँगनेटने विसळली, बरोबर. पिपेट ऑक्झॅलिक ॲसिडने विसळली, बरोबर. आणि मग चौघांनी मोठ्या प्रेमाने कॉनिकल फ्लास्कसुद्धा ऑक्झॅलिक ॲसिडनेच विसळले. फ्लास्क फक्त पाण्याने धुवायचा असतो, कारण आत चिकटून राहिलेलं थोडंसं ॲसिडही मोजलेल्या १० एमएलमध्ये मिळून जातं आणि परमँगनेट तेवढं जास्त खातं. हे वाक्य मी दरवर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगते, पोरं लिहून घेतात, ओरलमध्ये विचारलं तर पाठ म्हणूनही दाखवतात. पण ०.३ एमएल म्हणजे नक्की किती चूक हे त्या दिवशी फळ्यावर दिसलं, चार फुल्या बाजूला सरकलेल्या. घंटा होऊन गेली तरी कुणी हललं नाही.

मग मला रॅले आठवला आणि पुढच्या तासाला सिलॅबस सोडून त्याची गोष्ट सांगितली. लॉर्ड रॅले हा इंग्रज शास्त्रज्ञ नायट्रोजनची घनता मोजत होता. हवेतला ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरलेला नायट्रोजन एक, आणि अमोनियासारख्या संयुगापासून बनवलेला दुसरा. दोन्ही नायट्रोजनच, वजन सारखं भरायला पाहिजे. भरेना. सुरुवातीला फरक हजारात एकाच्या आसपास. कुणीही म्हणालं असतं, जाऊ दे, टॅली कर. यानं उलट १८९२ साली 'नेचर'मध्ये पत्र छापून जाहीर विचारलं की मी कोड्यात पडलोय, कुणा केमिस्टला काही सुचतंय का. मग पद्धत बदलून पुन्हा केलं तर फरक मिटायच्या ऐवजी वाढला, पार अर्ध्या टक्क्यापर्यंत. त्याच्या काचेच्या गोळ्यात हवेतला नायट्रोजन भरला की साधारण २.३१० ग्रॅम आणि केमिकलचा भरला की २.२९९ ग्रॅम. त्या दोन आकड्यांच्या फटीत आर्गॉन बसलेला होता, आपल्या प्रत्येक श्वासात जवळपास एक टक्का असलेला वायू, जो तोपर्यंत कुणाला माहीतच नव्हता. १८९४ मध्ये रॅले आणि केमिस्ट विल्यम रॅमसेनं तो जाहीर केला आणि १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, एकाला फिजिक्सचं, एकाला केमिस्ट्रीचं. गोष्ट संपल्यावर एकाने विचारलं, मॅडम, आपल्या त्या चार फुल्यांत पण काहीतरी असेल का? म्हटलं, बाळा, तिथे ॲसिडने विसळलेला फ्लास्क होता. पण विचारलंस हे बरं केलंस.

आता मोलबद्दल, म्हणजे केमिस्ट्रीत पदार्थ मोजायच्या एककाबद्दल. अकरावीत सगळ्यात जास्त पोरं इथे गळतात आणि केमिस्ट्री अवघड आहे असं घरी जाऊन सांगतात. त्यातही पीसीबीवाल्यांचा (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतलेल्यांचा) एक वेगळा पवित्रा असतो, "मॅडम, आम्ही मॅथ्स सोडलंय", जणू काही सिगारेट सोडलीय. तर एका युनिट टेस्टला साधा प्रश्न टाकला होता, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचं २५० एमएल सोल्यूशन करायला किती ग्रॅम लागेल. एका मुलाचं उत्तर, १००० ग्रॅम. ०.१ गुणिले ४० गुणिले २५०, गुणाकार अगदी चोख, फक्त एमएलचे लिटर करायचे राहिले. पाव लिटरच्या फ्लास्कमध्ये एक किलो कॉस्टिक सोडा! एक ग्रॅमच्या जागी एक किलो. आणि त्याला लिहिताना काहीच खटकलं नाही.

त्याला बोलावलं. द्राक्षवाल्याचा पोरगा. विचारलं, २०० लिटरच्या टाकीला २० पीपीएम (दहा लाखात वीस भाग) जीए, म्हणजे द्राक्षावर फवारायचं जिब्रेलिक ॲसिड, करायचं असेल तर किती घ्यायचं? "चार ग्रॅम," डोळ्याची पापणी न लवता. कसं काढलंस? "शंभर लिटरला एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम. टाकी दुप्पट, पीपीएम दुप्पट." आणि चारच्या ऐवजी चार किलो टाकलं तर? तो हसायलाच लागला, "मॅडम, बाग जाईल. आणि एवढं जीए घ्यायला आधी बाग विकावी लागेल." मग त्याची उत्तरपत्रिका त्याच्यापुढे ठेवली. हसू थांबलं.

हा पोरगा बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रणही करतो. शंभर लिटरला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, आणि चुना पुरेसा झाला का ते बघायला त्याचे वडील त्यात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर धरला की अजून चुना घाल. लोखंडाने तांबं बाहेर काढलं, म्हणजे तांबं अजून सुटं आहे, मिश्रण आम्लधर्मी आहे. डिस्प्लेसमेंट रिॲक्शन, दहावीचा धडा. त्याला ती रिॲक्शन पाठ होती आणि विळाही माहीत होता, दोघांची ओळख मात्र नव्हती.

तो जे टाकीला करतो ते आपलं जुनं त्रैराशिकच. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत ते सांगितलंय, प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी, त्यातलं प्रमाण आणि इच्छा एकाच जातीचे, मधलं फल वेगळ्या जातीचं, आणि फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागायचं. ही जातीची अट मला फार आवडते, कारण युनिट्स लिहा युनिट्स लिहा म्हणून आम्ही जे घसा फोडतो ते हेच. लिटर लिटरखाली, ग्रॅम ग्रॅमखाली. चार ग्रॅम हे एका लिटरचं, मला हवंय पाव लिटरचं. लिटर आणि एमएलऐवजी डीएम क्यूब आणि सीएम क्यूबच्या पाट्या लावल्या की पोरांना ते परक्या गावचं वाटतं, एवढंच. आता मी मोलचा पहिला तास मोल हा शब्द न उच्चारता घेते. युरियाच्या गोणीवर घेते. गोणीवर ४६ टक्के नायट्रोजन छापलेलं असतं, ते खरं आहे का तपासा म्हणते. युरियाचं रेणुवस्तुमान ६०, त्यात नायट्रोजनचे दोन अणू म्हणजे २८, भागाकार करा, ४६.७ टक्के येतात. मग ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन किती, वीस किलोच्या वर थोडा. बाकी २४ किलोचे पैसे कशाचे, असा प्रश्न हमखास येतो आणि मग कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन आपोआप येतात.

बाकीची दुखणी आहेतच. कॅल्क्युलेटर बोर्डात चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे पोरं लॉग बघायला शिकतात पण लॉग म्हणजे काय ते नाही. लॉगच्या सूत्रांतला २.३०३ हा आकडा तर मंत्रासारखा म्हणतात, तो कुठून आला विचारलं तर पुस्तकातून. घरी अभ्यास करताना मोबाइलवर कॅल्क्युलेटर असतोच, तिथून परमँगनेटच्या तीव्रतेचा ०.०१९६०७८४३ असा शेपटीसकट आकडा उतरवतात. ज्या ब्युरेटला दशांशानंतर एकच घर वाचता येतं तिच्यातून हा नऊ घरांचा आकडा आला कुठून? ०.०१९६, बस. डेअरीवाल्याने फॅट ३.४८७२१९ लिहून दिली तर चालेल का, असं विचारलं की वर्ग हसतो आणि खोडरबर निघतात. ग्राफचं म्हणाल तर ठिपक्याला ठिपका जोडून सह्याद्री काढतात, त्यांच्या मधून एक सरळ रेघ जाऊ शकते आणि ती एकाही ठिपक्याला नाही शिवली तरी चालतं हे पटवायला मला दोन तास लागतात.

माझ्या मावसबहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये ए लेव्हल करतेय, ती सांगत होती की तिथे केमिस्ट्रीच्या पेपरात किमान वीस टक्के मार्क गणिती कौशल्यांसाठीच राखलेले असतात. ऐकून थोडा हेवा वाटला. मग वाटलं, इथे तसं केलं तर त्या वीस टक्क्यांची गाइडं पंधरा दिवसांत बाजारात येतील आणि त्यात सगळ्या ब्युरेटची सगळी रीडिंग छापलेली असतील.

फुल्यांचा फळा मी त्यानंतर आणखी दोन बॅचेसना केला. एकीत जमला, दुसरीत शेवटच्या पाच फुल्या एकावर एक पडल्या, तेव्हा कळलं काय चाललंय. ज्यांच्या जर्नलमध्ये आता १०.१, १०.३, १०.२ असं वेडंवाकडं येतं त्यातल्या काहींनी मार्क कापले जातील का असं विचारलं आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. एकीने चौथ्या ओळीत लिहिलं होतं, "१०.७, गुलाबी रंग जास्त झाला, बोलण्यात लक्ष होतं." कुणाशी बोलत होती ते मला माहीत आहे. त्या ओळीखाली सही केली आणि तो आकडा सरासरीत धरू नकोस असं बाजूला लिहिलं.

फेब्रुवारीत बोर्डाचं प्रॅक्टिकल झालं. एक्स्टर्नल म्हणून शेजारच्या तालुक्यातले एक सर आले होते, निवृत्तीला आलेले, भला माणूस. चहा झाला, पोरं आपापल्या ब्युरेटपाशी उभी राहिली, पहिला जांभळा थेंब पडला. सरांनी मार्कलिस्ट पुढे ओढली, पेनचं टोपण काढलं आणि माझ्याकडे जरा वाकून हळू आवाजात विचारलं, "मॅडम, किती यायला पाहिजे?"